डोकं उचललं म्हणजे अंमल उतरला नव्हे

पोटाची मोठी शस्त्रक्रिया सुरू होण्यापूर्वी भूलतज्ज्ञ शिरेतून जी औषधं देतात, त्यांतलं एक औषध रुग्णाचा श्वास मुद्दाम थांबवतं. एक-दोन मिनिटांत पापण्या, जबडा, हातपाय, पोटाची भिंत आणि श्वासपटल, असे आपल्या इच्छेने हलणारे सगळे स्नायू सैल पडतात. हृदयाचे आणि आतड्यांचे स्नायू वेगळ्या यंत्रणेवर चालतात, म्हणून ते चालू राहतात. फुप्फुसांत हवा मात्र आता भूलतज्ज्ञांच्या हाताने किंवा व्हेंटिलेटरनेच जाते. या औषधांना स्नायुशिथिलक म्हणतात आणि शस्त्रक्रियागृहात सगळे त्यांना ‘रिलॅक्संट’ म्हणून ओळखतात. भूल म्हणजे झोप, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात आधुनिक भुलीत झोप, वेदनाशमन आणि स्नायूंचं शैथिल्य ही तीन वेगळी कामं असतात आणि ती बहुधा तीन वेगळी औषधं करतात. रिलॅक्संट यांतलं फक्त तिसरं काम करतं. त्याच्या धोक्याचा विचार करताना आपलं लक्ष श्वास थांबतो त्या क्षणाकडे जातं, पण त्या वेळी भूलतज्ज्ञ उशाशी उभे असतात, श्वासनलिकेत घालायची नळी तयार असते, ऑक्सिजन चालू असतो. खरी जोखीम शस्त्रक्रिया संपताना असते. अंमल उतरला असं वाटतं, नळी काढली जाते, आणि अंमल पुरता उतरलेला नसतो. हा उतार डोळ्यांनी, घड्याळाने किंवा अनुभवाने नेमका कळत नाही, तो यंत्राने मोजावाच लागतो, हे या प्रकरणात पुराव्यानिशी मांडायचं आहे.

इतकं जोखमीचं औषध मुळात हवंच कशाला? १८४६ साली ईथरची भूल जगापुढे आली. त्यानंतरची जवळपास शंभर वर्षं झोप आणि शैथिल्य ही दोन्ही कामं एकाच वायूकडून करून घ्यावी लागत. रुग्णाला झोप लागायला थोडं ईथर पुरे, पण पोटाचे स्नायू लोण्यासारखे सैल करायचे तर त्याच्या कितीतरी पट द्यावं लागे. भुलीच्या त्या खोलीवर रक्तदाब घसरतो, श्वास मंदावतो, आणि शुद्धीवर यायला तासन्‌तास लागतात. वृद्ध किंवा अशक्त रुग्णाला ती खोली झेपत नसे. लाइपझिगच्या आर्थर लेवेन यांनी १९१२ साली भुलीबरोबर क्युरारे नावाचं द्रव्य वापरून पाहिलं होतं, पण शुद्ध औषध पुरेसं मिळेना म्हणून तो प्रयत्न तिथेच राहिला. २३ जानेवारी १९४२ रोजी मॉंट्रियलमध्ये हॅरल्ड ग्रिफिथ आणि एनिड जॉन्सन यांनी अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेत एका तरुणाला शुद्ध केलेलं क्युरारे दिलं. भूल हलकीच होती, तरी पोट सैल पडलं. पुढे १९४६ साली लिव्हरपूलच्या ग्रे आणि हॉल्टन यांनी हजाराहून अधिक रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. तिथून हलकी झोप, वेगळं वेदनाशमन आणि वेगळं शैथिल्य अशी विभागणी रूढ झाली. दुर्बिणीतून होणाऱ्या आजच्या शस्त्रक्रिया, छाती उघडून होणाऱ्या शस्त्रक्रिया आणि तान्ह्या बाळांवरच्या शस्त्रक्रिया याच विभागणीच्या आधारावर उभ्या आहेत. तेव्हा या औषधांना विरोध करण्याचा प्रश्नच नाही. त्यांचा शेवट नीट करण्याचा प्रश्न आहे.

क्युरारे हे दक्षिण अमेरिकेच्या जंगलांतल्या आदिवासींचं बाणाला लावायचं विष. काही वेलींच्या साली उकळून ते काढत. पोटात गेलं तर ते फारसं अपाय करत नाही, म्हणून मारलेली शिकार खाता येते. रक्तात गेलं की प्राणी पांगळा होऊन श्वासावाचून मरतो. चार्ल्स वॉटर्टन या इंग्रज प्रवाशाने गयानातून हे विष इंग्लंडला नेलं आणि १८१४ साली लंडनमध्ये एका गाढविणीवर त्याचा प्रयोग झाला. ती कोसळल्यावर तिच्या श्वासनलिकेला छेद देऊन भात्याने हवा भरायला सुरुवात केली. दोन तासांनी तिने डोकं वर उचललं आणि आजूबाजूला पाहिलं. पाहणाऱ्यांना वाटलं, विष उतरलं. त्यांनी भाता थांबवला आणि ती पुन्हा मान टाकून पडली. भाता परत सुरू झाला, आणखी दोन तास न थांबता चालला, तेव्हा कुठे ती वाचली. पुढे वॉटर्टनच्या यॉर्कशरमधल्या मळ्यावर ती १८३९ पर्यंत जगली. या प्रयोगाचा पहिला धडा सगळे सांगतात. हे विष स्वतः शरीराची नासधूस करत नाही, श्वास चालू ठेवला तर ते ओसरून जातं आणि प्राणी जसाच्या तसा उठतो. दुसरा धडा त्यातल्या मधल्या प्रसंगात आहे. डोकं उचलता येणं आणि स्वतःच्या बळावर श्वास राखता येणं या दोन अवस्थांमध्ये बरंच अंतर आहे. हा दुसरा धडा वैद्यकाने गिरवायला दीडशेहून अधिक वर्षं घेतली.

पहिला धडा महाराष्ट्रातल्या ग्रामीण रुग्णालयांना सर्पदंशाच्या रूपाने रोज भेटतो. नागाच्या विषातले काही घटक स्नायूवरच्या नेमक्या त्याच जागा अडवतात ज्या क्युरारे अडवतं. मण्यारीचं विष त्याखेरीज चेतातंतूच्या टोकावरही घाव घालतं. रात्री मण्यार चावलेल्या माणसाच्या पापण्या पहाटे मिटू लागतात, गिळणं थांबतं, मग श्वास थांबतो. प्रतिविष तर द्यायचंच, पण त्याच्या जोडीला श्वासनलिकेत नळी घालून व्हेंटिलेटर वेळेवर लावला तर तो माणूस काही दिवसांनी चालत घरी जातो. शस्त्रक्रियागृहातलं रिव्हर्सल, म्हणजे रिलॅक्संटचा अंमल उतरवणारं औषध, आणि नागदंशाच्या वॉर्डातलं निओस्टिग्मिनचं इंजेक्शन हे एकाच विज्ञानाचे दोन उपयोग आहेत, आणि मण्यारीच्या दंशात तेच इंजेक्शन फारसं चालत नाही याचं कारणही त्याच विज्ञानात सापडतं. तिथे चेतातंतूचं टोकच निकामी झालेलं असतं.

ही औषधं काय करत नाहीत, हेही तितकंच महत्त्वाचं आहे. ती मेंदूपर्यंत पोचत नाहीत, त्यामुळे झोप आणत नाहीत आणि वेदना कमी करत नाहीत. क्युरारेमुळे माणूस बेशुद्धही होतो का, ही शंका १९४० च्या दशकात काही डॉक्टरांना होती. अमेरिकेतले भूलतज्ज्ञ स्कॉट स्मिथ यांनी ती स्वतःवर प्रयोग करून मिटवली. संपूर्ण शरीर निश्चल होईल इतका डोस त्यांनी झोपेच्या औषधाविना घेतला. तो प्रयोग १९४७ साली प्रसिद्ध झाला. पूर्ण वेळ ते जागे होते, ऐकत होते, वेदना जाणवत होत्या, फक्त बोटही हलवता येत नव्हतं. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत भुलीत जाग आल्याच्या तक्रारी मोजल्या गेल्या. रिलॅक्संट वापरलेल्या भुलींत साधारण ८,००० मागे एक, आणि न वापरलेल्या भुलींत साधारण १,३६,००० मागे एक असं त्यांचं प्रमाण आलं. झोप हलकी झाली की माणूस हलतो आणि ती हालचाल पाहून डॉक्टर सावध होतात. रिलॅक्संट ही सूचनाच बंद करतं. म्हणजे हे औषध रुग्णाच्या शरीरावर अंमल करतं तसं आपल्या निरीक्षणावरही करतं. ज्या औषधाचा गुणच शरीराच्या खुणा पुसणं हा आहे, त्याचा उतार त्याच खुणांवरून ठरवणं किती भरवशाचं, हा प्रश्न इथूनच उभा राहतो.

क्युरारे नेमकं कुठे काम करतं हे पॅरिसच्या क्लोद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात बेडकांवर दाखवलं. विष दिलेल्या बेडकाच्या चेतातंतूला वीज लावली तर पाय हलत नाही, थेट स्नायूला लावली तर हलतो. दोन्ही शाबूत, बिघाड त्यांच्या सांध्यात. आज त्या सांध्याची रचना रेणूंच्या पातळीवर ठाऊक आहे. चेतातंतूच्या टोकाकडून ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं, अतिशय अरुंद फट ओलांडून स्नायूवरच्या रिसेप्टरला चिकटतं, रिसेप्टरमधली वाट उघडते, सोडियमचे आयन आत शिरतात आणि स्नायू आकुंचन पावतो. लगेच एक विकर, म्हणजे एन्झाइम, ते ॲसिटिलकोलीन तोडून टाकतं आणि सांधा पुढच्या संदेशासाठी मोकळा होतो. रिसेप्टर पाच प्रथिनांचा बनलेला असतो आणि त्यावर ॲसिटिलकोलीनसाठी दोन जागा असतात. वाट उघडायला दोन्ही जागा एकाच वेळी भराव्या लागतात, त्यामुळे रिलॅक्संटच्या एका रेणूने एक जागा अडवली तरी तो रिसेप्टर बंद. निसर्गाने मात्र इथे मोठी शिल्लक ठेवली आहे. पेटन आणि वॉड यांनी १९६७ साली मांजरांवर दाखवलं की सुमारे ७५ टक्के रिसेप्टर अडवले जाईपर्यंत स्नायूच्या एकेका आकुंचनाचा जोर कमीच होत नाही, आणि ९० टक्क्यांच्या थोडं पुढे तो पूर्ण थांबतो. विहिरीचं तीन-चतुर्थांश पाणी उपसलं तरी पोहरा भरूनच वर येतो, तसं हे आहे. औषध उतरताना हाच हिशेब उलटा वाचावा लागतो. स्नायू पूर्ण जोराने आकसला, हात घट्ट आवळला गेला, तरी तीन-चतुर्थांश रिसेप्टर अजून औषधाच्या ताब्यात असू शकतात.

सगळे स्नायू एकदम मोकळे होत असते तरी हे चाललं असतं. पण श्वासपटल या औषधांना सर्वांत कमी दाद देतं आणि लवकर मोकळं होतं. गिळण्याचे आणि घसा उघडा ठेवणारे स्नायू मात्र उशिरापर्यंत दुबळे राहतात. नळी अजून घशात असलेला रुग्ण टेबलावर छान श्वास घेताना दिसतो, कारण नळीने त्याची वाट उघडी धरलेली असते. ती काढली की घसा स्वतःच्या बळावर उघडा राहायला हवा, लाळ आणि पोटातून वर आलेलं पाणी श्वासनलिकेत न जाता गिळलं जायला हवं. स्टॉकहोममधल्या संशोधकांनी निरोगी स्वयंसेवकांना अगदी थोडं रिलॅक्संट देऊन आणखी एक गोष्ट उघड केली. रक्तातला ऑक्सिजन घटल्यावर श्वास वाढवण्याची शरीराची जी प्रतिक्रिया असते, तीही या उरलेल्या अंमलामुळे मंदावते. घसा दुबळा, गिळणं चुकतं, आणि ऑक्सिजन घटल्याची वर्दीही अर्धवट. यांतलं काहीच पलंगाशेजारी उभ्या असलेल्या माणसाला सहज दिसत नाही.

मग घड्याळ का चालणार नाही? अमुक औषध अमुक मिनिटांत उतरतं असं पुस्तकात दिलेलंच असतं. याचं उत्तर औषधांच्या दोन्ही घराण्यांत सापडतं. पहिलं घराणं सक्सिनिलकोलीनचं, आपल्याकडे ज्याला बहुतेक डॉक्टर ‘स्कोलीन’ म्हणतात. ते ॲसिटिलकोलीनसारखंच दिसतं, रिसेप्टर उघडतं आणि तिथून लवकर हलत नाही, त्यामुळे स्नायू एकदा थरथरून सैल पडतो. मिनिटभरात काम करणारं आणि पाच-दहा मिनिटांत उतरणारं हे औषध तातडीने नळी घालायला आजही लागतं. ते इतक्या लवकर उतरतं कारण रक्तातलं एक विकर त्याला तोडतं. काही माणसांत जनुकीय कारणाने हे विकर नसतं किंवा निकामी असतं, आणि त्यांच्यात तोच डोस काही तास टिकतो. भारतात आर्य वैश्य समाजात ही उणीव इतरांपेक्षा बरीच जास्त आढळते असं अभ्यासांत दिसलं आहे. एरवी त्या माणसाला कसलाही त्रास नसतो, आयुष्यभर कळतही नाही. कळतं ते फक्त भुलीत. म्हणून घरात कुणाला ‘शस्त्रक्रियेनंतर उशिरा श्वास आला’ असं झालं असेल, तर ती माहिती भूलतज्ज्ञांना सांगणं फार मोलाचं आहे.

दुसऱ्या घराण्यातली औषधं क्युरारेसारखी रिसेप्टर नुसता अडवून बसतात. त्यांचा इतिहास म्हणजे शेवट सोपा करण्यासाठी रसायनतज्ज्ञांनी केलेली धडपड आहे. १९६० च्या दशकात आलेलं पॅनक्युरोनियम प्रभावी होतं, पण मूत्रपिंडावर अवलंबून आणि रेंगाळणारं. त्याच रचनेत फेरफार करून १९८० च्या दशकात व्हेक्युरोनियम आणि १९९० च्या दशकात रोक्युरोनियम आलं. ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातले जॉन स्टेनलेक यांनी वेगळाच विचार केला. यकृत किंवा मूत्रपिंडावर भिस्त न ठेवता, शरीराच्या नेहमीच्या तापमानाला आणि रक्ताच्या आम्लतेला रेणू आपोआप मोडेल अशी त्याची बांधणीच त्यांनी केली. तेच ॲट्राक्युरियम. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांसाठी ते वरदान ठरलं आणि भारतातल्या शस्त्रक्रियागृहांत आजही भरपूर वापरलं जातं. पण अंग गार पडलं, रक्तात आम्ल वाढलं, गरोदरपणातल्या झटक्यांसाठी मॅग्नेशियम दिलेलं असलं, काही प्रतिजैविकं चालू असली, की मुदत बदलते. फ्रान्समध्ये २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५२६ रुग्णांना मध्यम मुदतीच्या रिलॅक्संटचा एकच डोस दिला होता आणि उताऱ्याचं औषध दिलं नव्हतं. डोस देऊन दोन तासांहून जास्त वेळ झालेल्या रुग्णांतसुद्धा ३७ टक्के जणांच्या अंगात अंमल शिल्लक होता. ही औषधं पुस्तकात तासाभराच्या आतली म्हणून लिहिलेली आहेत.

मोजायचं कसं, हे १९७० साली लिव्हरपूलच्या अली, अटिंग आणि ग्रे यांनी सांगितलं. मनगटाजवळच्या चेतातंतूला अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने चार सौम्य झटके द्यायचे आणि अंगठा किती जोराने आत येतो ते पाहायचं. अंमल नसेल तर चारही झटके सारखे येतात. असेल तर दुसरा पहिल्यापेक्षा कमी, चौथा सर्वांत कमी. चौथ्याला पहिल्याने भागलं की एक गुणोत्तर मिळतं. चेतातंतूच्या टोकावर असलेले त्याचे स्वतःचे रिसेप्टर लागोपाठच्या संदेशांसाठी रसायनाचा पुरवठा टिकवतात, रिलॅक्संट त्यांनाही अडवतं, म्हणून ही उतरंड दिसते. एका झटक्यात जी शिल्लक लपून राहते ती चार झटक्यांत उघडी पडते. सुरुवातीला ०.७ हे गुणोत्तर पुरेसं मानलं गेलं. १९७९ साली कोपनहेगनमध्ये विबी-मोगेन्सेन आणि सहकाऱ्यांनी रिकव्हरीत आलेल्या ७२ रुग्णांची तपासणी केली, तर ४२ टक्के जण त्या ०.७ च्याही खाली होते. हे सगळे रुग्ण ‘उतरला’ असं ठरवूनच बाहेर आणले होते. पुढे घशाच्या स्नायूंचे अभ्यास झाले आणि मर्यादा ०.९ वर गेली. इथे गाढविणीच्या प्रयोगातला तो दुसरा धडा परत समोर येतो. पाच सेकंद डोकं उचलून धरा, ही कित्येक वर्षं शस्त्रक्रियागृहातली मान्य परीक्षा होती. १९९७ साली जाग्या स्वयंसेवकांवर पाहिलं तेव्हा गुणोत्तर ०.६ च्या आसपास असतानाच त्यांना डोकं उचलता येत होतं, आणि त्याच वेळी एकाच्या दोन वस्तू दिसत होत्या, दातांनी काही घट्ट धरता येत नव्हतं. साधा झटके देणारा यंत्रसंच लावून अंगठ्याकडे नुसतं पाहिलं तरी ०.४ च्या वर गेल्यावर चार झटक्यांतला फरक माणसाच्या डोळ्याला किंवा बोटाला कळत नाही. ०.४ ते ०.९ हा सगळा टप्पा अनुभवी डॉक्टरांनाही अदृश्य असतो. अंगठ्याची गती मोजून आकडा दाखवणारं यंत्र त्यासाठीच लागतं.

या मागणीवर पहिला आक्षेप अनुभवाचा असतो. इतकी वर्षं मोजलं नाही, रुग्ण तर बरे होऊन जातात. बहुतेक जातात, हे खरंच आहे. पण उरलेल्या अंमलाचं नुकसान बहुधा टेबलावर दिसत नाही. रुग्ण वॉर्डात जातो, दोन-तीन दिवसांनी न्यूमोनिया होतो, आणि त्याचा दोष वयाला, बिडीला, पोटावरच्या जखमेला जातो. डेन्मार्कमधल्या १९९७ सालच्या अभ्यासात ६९१ रुग्ण होते. पॅनक्युरोनियम मिळालेल्यांपैकी ज्यांचं गुणोत्तर ०.७ खाली होतं, त्यांच्यातल्या १६.९ टक्के जणांना फुप्फुसाचा त्रास झाला. ज्यांचं त्याहून वर होतं, त्यांच्यात ४.८ टक्के. व्हेक्युरोनियम आणि ॲट्राक्युरियमच्या गटांत असा ठळक फरक आढळला नाही, हेही सांगायला हवं, कारण औषध जितकं रेंगाळणारं तितकी जोखीम मोठी, हे त्यातून कळतं. आणखी मागे जाऊन १९५४ चा बीचर आणि टॉड यांचा अहवाल पाहा. अमेरिकेतल्या दहा संस्थांतल्या सुमारे सहा लाख भुलींत त्यांना रिलॅक्संटशिवाय २,१०० मागे एक, आणि रिलॅक्संटसह ३७० मागे एक असा भुलीशी निगडित मृत्यू आढळला. औषधातच अंगभूत विषारीपणा असावा, असा त्यांचा तर्क होता. त्यावर बरीच टीका झाली. पुढच्या ज्ञानाच्या उजेडात पाहता, अपुरा आधार आणि अपुरा उतार हे कारण जास्त पटतं. तेच रेणू, त्यांचेच वंशज, आज कितीतरी सुरक्षितपणे वापरले जातात. बदलली ती काळजी.

दुसरा आक्षेप असा की शेवटी सगळ्यांनाच रिव्हर्सल दिलं की काम झालं. निओस्टिग्मिन ॲसिटिलकोलीन तोडणाऱ्या विकराला थोपवतं, त्यामुळे सांध्यात ॲसिटिलकोलीन साचतं आणि रिलॅक्संटला रेटतं. पण विकर पूर्ण थोपवलं गेलं की त्यापुढे कितीही डोस वाढवला तरी उपयोग नाही. अंमल गाढ असेल तर हा रेटा अपुरा पडतो. चारही झटके दिसू लागल्यावर दिलं तरी ०.९ गाठायला अनेकदा पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि काहींना बरीच जास्त. टाके घालताना इंजेक्शन देऊन पाच मिनिटांत नळी काढणं म्हणूनच फसवं आहे. शिवाय हृदयाची गती मंदावू नये म्हणून सोबत ग्लायकोपायरोलेट किंवा ॲट्रोपिन द्यावं लागतं. रिव्हर्सल कधी द्यायचं आणि पुरलं की नाही, ही दोन्ही उत्तरं शेवटी मोजणीच देते.

तिसरा आक्षेप सुगामाडेक्सचा: हे नवं रिव्हर्सल हाताशी असताना मोजायचं कशाला? स्कॉटलंडमध्ये ऑर्गनॉन कंपनीच्या प्रयोगशाळेत अँटन बॉम यांनी साखरेच्या रेणूंची एक पोकळ कडी अशी घडवली की तिच्या पोटात रोक्युरोनियमचा रेणू घट्ट बसतो. एक कडी, एक रेणू. रक्तातलं मोकळं औषध बंदिस्त झालं की सांध्यातलं औषध आपोआप बाहेर ओढलं जातं. चेतातंतूला किंवा रिसेप्टरला हात न लावता अंमल उतरवणारं हे पहिलंच औषध. युरोपात २००८ साली आणि अमेरिकेत २०१५ साली त्याला मान्यता मिळाली. गाढ अंमलही ते काही मिनिटांत उतरवतं, ही या क्षेत्रातली खरीखुरी झेप आहे. पण ते रोक्युरोनियम आणि व्हेक्युरोनियमपुरतंच चालतं, ॲट्राक्युरियम त्या कडीत मावत नाही. क्वचित गंभीर ॲलर्जी होते. गर्भनिरोधक गोळ्यांतलं संप्रेरकही ते बांधतं, त्यामुळे पुढचे सात दिवस दुसरी काळजी घ्यावी लागते. आणि किती द्यायचं हे अंमल किती गाढ आहे त्यावर ठरतं. जपानमधल्या एका अभ्यासात मोजणी न करता सुगामाडेक्स दिलं, तेव्हाही शंभरात चार-पाच रुग्ण ०.९ खाली राहिले. हे प्रमाण निओस्टिग्मिनपेक्षा खूप कमी आहे, पण शून्य नाही, आणि ते चार-पाच कोण हे न मोजता कळत नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या पाहणीतून येतो. २८ देशांतल्या सुमारे २३ हजार रुग्णांची ती नोंद. रिलॅक्संट मिळालेल्यांना शस्त्रक्रियेनंतर फुप्फुसाचा त्रास जास्त झाला, हे अपेक्षित होतं. पण ज्यांच्यावर मोजणीचं यंत्र लावलं होतं किंवा ज्यांना रिव्हर्सल दिलं होतं, त्यांच्यात तो कमी झालेला दिसला नाही. मोजून फायदा नाही असा याचा अर्थ काढता येतो, आणि तो आक्षेप टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. तरी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. ती पाहणी निरीक्षणाची होती. कुणाला यंत्र लावायचं हे चिठ्ठी टाकून ठरलेलं नव्हतं, आणि जोखमीच्या रुग्णांनाच जास्त सावधपणे सांभाळलं जातं. दुसरं, यंत्र लावलं म्हणजे आकडा पाहून नळी काढली असं नव्हे. त्याच माहितीची पुढे पुन्हा छाननी झाली, तेव्हा ०.९ ऐवजी ०.९५ च्या पुढे गेल्यावर नळी काढलेल्या रुग्णांत त्रास कमी असल्याचं दिसलं. तेव्हा त्या पाहणीतून आक्षेपाला बळ मिळतं ते इतकंच, की यंत्र हातात असणं पुरेसं नाही, आकड्याची वाट पाहण्याची शिस्त हवी. मोजणी सोडून द्यावी, असं त्यातून निघत नाही.

खर्चाचा आक्षेप आपल्याकडे खरा आहे. तालुक्याच्या ठिकाणी एकट्या भूलतज्ज्ञांनी दिवसात तीन-चार रुग्णालयं सांभाळायची असतात, आणि सुगामाडेक्सची किंमत अनेक रुग्णांना परवडत नाही. पण नेमकं म्हणूनच मोजणी जास्त गरजेची ठरते. महाग औषध प्रत्येक रुग्णाला लागतं, यंत्र एकदाच घ्यावं लागतं. ते हाताशी नसेल तोवरही बरंच करता येतं. जिथे पाठीच्या मणक्यात भूल देऊन भागतं तिथे रिलॅक्संट टाळावं. लागलंच तर रेंगाळणारं औषध नको, डोस बेताचा हवा. साधा झटक्यांचा संच असेल तर चारही झटके दिसल्याशिवाय निओस्टिग्मिन देऊ नये आणि दिल्यावर पुरेसा वेळ थांबावं. यंत्र असेल तर ते अंगठ्यावर लावावं, भुवईवर लावू नये, कारण भुवईचे स्नायू अंगठ्याच्या आधी मोकळे होतात आणि खोटा दिलासा देतात.

अमेरिकेच्या आणि युरोपच्या भूलतज्ज्ञांच्या संघटनांनी २०२३ साली स्वतंत्रपणे जवळपास सारख्याच शिफारशी केल्या: रिलॅक्संट दिलं असेल तर आकडा दाखवणाऱ्या यंत्राने अंगठ्यावर मोजा आणि ०.९ गाठल्याशिवाय नळी काढू नका. भुलीच्या वेळी नाडी, रक्तदाब आणि रक्तातला ऑक्सिजन मोजण्याबद्दल आज कुणी वाद घालत नाही. बोटाला लावायचा तो ऑक्सिजनचा चिमटाही एके काळी चैन वाटत होता. स्नायूंचा उतार मोजणं त्याच रांगेत यायला हवं, आणि ते व्हावं यासाठी रुग्णांनीही बोलायला हरकत नाही. शस्त्रक्रियेआधी संमतिपत्रावर सही करताना नातेवाइकांनी एवढं विचारावं, की स्नायू शिथिल करणारं औषध देणार आहात का, आणि ते पूर्ण उतरलं हे कसं तपासणार. हा प्रश्न अविश्वासाचा नाही. भूलतज्ज्ञ त्या काही तासांसाठी दुसऱ्या माणसाचा श्वास आपल्या हातात घेतात. तो त्याचा त्याला पुरता परत दिला, याची नोंद आकड्यात असणं रुग्णाच्या हिताचं आहे आणि भूलतज्ज्ञांच्याही.